लेकीच्या मनगटात आबाची नाडी

मुतुपनं आदल्या दिवशी जो शहाणपणा केला, त्याला तोड नाही. काटेरी झुडपांवरची ती केशरी, आंबट फळं यकृताला चांगली, असं कुणीतरी सांगितलं आणि या बाबानं तांब्याभर रस घशाखाली घातला. पहाटेची लघवी अमचींना, म्हणजे गावच्या वैद्यबाईंना, दाखवायची असली की आदल्या दिवशी रंगाचं काही घ्यायचं नाही, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक!

पण जीव टांगणीला लागला होता बिचाऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी लेहच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, यकृतावर वण धरतायत. तेव्हापासून छांग, ती घरची जवाची दारू, बंद. त्याची लेक कुन्झेस रोज पहाटे पाणी उकळायची आणि केशराची ती कडूजहर गोळी समोर बसून त्याला चावायला लावायची. आता पुढच्या महिन्यात तिचं लग्न, आणि पोरगी हटून बसली होती, "अमची-ले बरं म्हणाल्या तरच मी सासरी जाणार. नाहीतर लग्न मोडलं समजा, आबा-ले."

अमची पलमोंनी पांढऱ्या वाटीतली लघवी काडीनं घुसळली. रंग बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मुतुप, काल ढोसलीस ना?"

"बुद्ध, धम्म, संघ, तिन्ही रत्नांची शपथ, अमची-ले! थेंबही नाही!"

कुन्झेस उठली. "झालं तर. लग्न मोडल्याचा निरोप मी सासरी धाडते."

मुतुपनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्यानं रसाचं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"अरे गाढवा! साठी उलटली, अक्कल कुठं ठेवलीस?" पलमोंनी त्याचं मनगट धरलं नि सोडून दिलं. "नाडीही भीतीनं उधळलीय. काही कळत नाही. कुन्झेस, तू ये गं. बापाचं दुखणं लेकीच्या नाडीतही उतरतं."

त्यांनी तिच्या मनगटावर तीन बोटं टेकवली, डोळे मिटले.

"वण वाढत नाहीयेत. यकृत मऊ पडतंय," पलमो अखेर म्हणाल्या. "लेहला जाऊन पुन्हा फोटो काढून घ्या. पण लग्न मोडू नकोस, पोरी."

मुतुप लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"रडतोस काय? नीट ऐक," पलमो दरडावल्या. "ही खिंडीपलीकडं गेली तरी माहेरी येईलच. तू चोरून घोट घेतलास, तर हिच्या मनगटात मला दिसेल."

लग्नात पाठवणीच्या वेळी भावकीनं छांगचा प्याला पुढं केला. मुतुपनं अनामिका बुडवली, देवांना तीन थेंब उडवले आणि प्याला व्याह्यांच्या हातात दिला.

"अरे, आज तरी घे! कोण बघतंय?"

कुन्झेस घोड्यावर बसली होती. मुतुपनं तिच्या शंखाच्या बांगडीकडं बोट दाखवलं.

"तिथं कळतं," तो म्हणाला, आणि ओलं बोटसुद्धा न चाटता अंगरख्याला पुसलं.