जिभेखालचा दोरा

मला तोंड नाही. टोकं आहेत, दोन. तरीही बोलतो, कारण ज्यांना तोंडं होती ती माणसं नेमक्या वेळी गप्प बसली.

मी एक दोरा. साखरेचं पोतं शिवायचा, पांढरा, तीन-साडेतीन हात लांब. एका लहान मांजरीच्या पोटात मी सहा दिवस होतो. बाहेर सगळे एकमेकांना विचारत होते, हिला झालंय तरी काय? उलटी कशानं होतेय? खात का नाही? आणि उत्तर आत बसलं होतं. म्हणजे मी.

माझा जन्म संगमनेरकडच्या एका साखर कारखान्यातला. भरलेलं पोतं पट्ट्यावरून सरकत येतं, मशीन त्याच्या तोंडावरून एकदा खर्रर्र धावतं, की झाला माझा जन्म. पन्नास किलो साखर आपण धरून ठेवलीय याचा मला फार अभिमान होता. लहान वस्तूंना अभिमान जरा जास्तच असतो.

तिसगावला एका घरी मी टेम्पोतून आलो. त्या घरच्या मुलीचे, आराधनाचे, मामा कारखान्याचे सभासद. सभासदांना मिळते ती साखर ते दरवर्षी नाताळच्या फराळासाठी बहिणीकडे पाठवतात. बहीण म्हणजे ग्लोरियाबाई, दानीएल सरांची बायको. पोतं ओसरीवर उतरलं तसं कुणीतरी कात्री आणायला धावलं, तर बाई ओरडल्या, "कात्री लावायची नाही हं माझ्या पोत्याला! सरका."

पोतं उघडणं ही त्यांची कला. शिवणीचं एक टोक चुकीचं असतं. ते ओढलं की गाठ आणखी आवळते. दुसरं टोक बरोबर. ते नखानं मोकळं करायचं आणि एका झटक्यात ओढायचं. सर्रर्र! सगळी शिवण एका दमात निघते. शेजारच्या कडूबाई तर युरियाचं पोतंसुद्धा त्यांच्याकडूनच उघडून न्यायच्या. "मास्तरीणबाईचा हात लागला की दोरा तुटत न्हाई," असं सगळ्या आळीत बोललं जायचं.

आणि असा सुटलेला दोरा त्या कधीच टाकत नसत. चार बोटांवर गुंडाळायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचा. गोधडीला, मच्छरदाणीला, शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधायला. मीही त्या खिळ्यावर गेलो. तिथून घरातलं सगळं ऐकू यायचं.

आराधना त्यांची मुलगी. संगमनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन घरी 'बसलेली'. हा शब्द घरातल्यांचाच. बिचारी भारी दचकायची. कुकरची शिट्टी झाली की छातीवर हात, फाटकाची कडी वाजली की छातीवर हात. परीक्षेचे फॉर्म भरायची आणि निकालाच्या तारखा जवळ आल्या की जेवण सोडायची. त्या घरात तिला शांत करणारी एकच गोष्ट होती, बिटकी. राखाडी पट्ट्यांची, सहा-सात महिन्यांची मांजरी.

पण बिटकी तिची नव्हती, आणि खरी अडचण तिथेच होती. बिटकी समोरच्या घरातल्या रविराजच्या मुलीची, दिशाची. ऊसतोडीला निघायच्या दिवशी ट्रक सुरू होऊन उभा असताना नऊ वर्षांची दिशा मांजर पोटाशी धरून ओसरीवर आली होती.

"ताई, हिला भाकर कुस्करून दूध घालायचं. नुसतं दूध न्हाई. आन् मी आली की लगीच परत द्यायची. तुझी व्हायची न्हाई ती."

रविराज ट्रकमधून हसला होता. "ताई, दप्तर राहिलं तरी चालंल म्हणती, मांजर तेवढं नीट सांभाळा. न्हाईतर आमचं काय खरं न्हाई."

"जिवापाड सांभाळीन," आराधना म्हणाली होती. हे माझ्या येण्याआधीचं. पण घरात इतक्यांदा सांगितलं गेलं की खिळ्यांनासुद्धा पाठ झालं.

नाताळला दहा-बारा दिवस होते, तेव्हाचा एक रविवार. सगळे चर्चला गेलेले, आराधना डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. दिशाचा फोन आला, "बिटकीचा व्हिडिओ पाठव ना, उडी मारताना." आराधनानं मला खिळ्यावरून काढलं. नुसत्या दोऱ्याकडे मांजर बघेना, तेव्हा माझ्या टोकाला तिनं सुक्या बोंबलाचा तुकडा बांधला. मग काय! बिटकी कमानीसारखी उडाली. आराधना खळखळून हसली. त्या घरात मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना ऐकलं, हे सांगताना आज मला लाज वाटते.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. आराधना दचकली, मला तिथंच टाकून बाहेर पळाली. मम्मीचा दोरा खेळायला घेतला हे मम्मीला आवडलं नसतं.

मांजराच्या जिभेला बारीक काटे असतात, आतल्या बाजूला वळलेले. त्यावर एकदा काही चढलं की बाहेर यायची वाट नाही. बोंबील पुढे, मी मागे. बिटकीला मला थुंकायचं होतं, मी साक्षीदार आहे. जमलं नाही. माझा मधला वेढा तिच्या जिभेच्या मुळाशी अडकून बसला आणि दोन्ही टोकं खाली उतरत गेली.

आराधना परत आली तर मी नव्हतो. तिला वाटलं, मम्मीनं उचलला असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवारी सकाळी पहिली उलटी. मग प्रत्येकाला कारण सापडलं. ग्लोरियाबाई म्हणाल्या, दूध बाधलं. त्यांनी दूध बंद करून ताक ठेवलं. दानीएल सर म्हणाले, मांजरं गवत खाऊन उलटी काढतात, आपोआप बरी होईल. कडूबाई भिंतीवरून डोकावल्या.

"झुरतीय वो ती. पोरीची सय येती तिला. मुक्या जनावराला कळत न्हाई व्हय?"

"दिशाला सांगू का?" आराधना म्हणाली.

"आन् ती काय तिथून भाकर भरवणार हाय? नगं सांगू."

मंगळवारी बिटकीनं ताकालाही तोंड लावलं नाही. कोपऱ्यात पाठीचा कुबडा करून बसली. आराधना मोबाइलवर एकामागून एक पानं उघडत होती आणि प्रत्येक पानावर आणखी घाबरत होती. बिटकीच्या पोटात आतडी मला पुढे ओढत होती, मी जिभेला अडकलेला. परकराच्या नेफ्यात नाडी ओढावी तशा त्या आतड्यांच्या चुण्या पडत होत्या. मी मुद्दाम काही करत नव्हतो. दोऱ्याला ताण पडला की तो ताठ होतो, एवढंच.

बुधवारी मायलेकी बिटकीला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर दिवसभर गायी-म्हशींत असणारे, पण माणूस चांगला. पोट चाचपलं, ताप पाहिला, आणि नेमका तोच प्रश्न विचारला.

"काही गिळलंय का हिनं? दोरा, सुतळी, प्लास्टिक?"

"छे!" ग्लोरियाबाईंनी उत्तर दिलं. "आमच्या घरात काही खाली पडत नाही, डॉक्टर. दोरा तर नाहीच. एकेक दोरा खिळ्याला असतो माझ्याकडे."

डॉक्टरांनी बिटकीच्या तोंडाकडे नेलेला हात मागे घेतला.

आराधना शेजारीच उभी होती. बोल, मी म्हणत होतो. बोल गं बाई, एक वाक्य. मम्मी, रविवारी मी एक काढला होता. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. चारचौघांत मम्मीला खोटं कसं पाडायचं? आणि कदाचित मम्मीनंच तो उचलला असेल. कदाचित. तिनं आपल्या भीतीला 'कदाचित' असं नाव दिलं आणि गप्प बसली.

उलटीचं इंजेक्शन मिळालं. गुरुवारी उलटी थांबली! घरात केवढा आनंद. कडूबाईंना करंजी दिली गेली. उलटी थांबली म्हणजे बरं वाटलं, असं माणसांना वाटतं. आत काय चाललंय ते विचारायचीही मग गरज उरत नाही.

शुक्रवारी दुपारी आराधनानं सुई नसलेल्या सिरिंजनं पेज पाजायला बिटकीचं तोंड उघडलं. जीभ जरा वर झाली आणि तिनं मला पाहिलं. पांढरी रेघ, जिभेत रुतलेली. ती किंचाळली. मग रडत रडत सगळं बोलली, रविवारपासूनचं, बोंबलासकट.

ग्लोरियाबाई रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. "अगं, दोराच ना! मग रडतेस काय? दोरा काढायचं मला शिकवतेस? धर तिचं तोंड."

"मम्मी, डॉक्टरांना विचारू या ना आधी."

"एवढ्याशा दोऱ्याला डॉक्टर? धर म्हणते ना!"

आराधनानं धरलं.

त्या हाताला मी ओळखत होतो. त्याच हातानं मला पोत्यातून एका झटक्यात मोकळं केलं होतं. त्यांनी नखानं वेढा उचलला, चिमटीत धरला आणि ओढला. मी निघालो नाही. मी ताठ झालो आणि आत, चुण्या पडलेल्या आतड्यांमधून, सुरीसारखा फिरलो. बिटकी ओरडली नाही, तिच्यात तेवढा जोर उरला नव्हता.

"चुकीचं टोक लागलं वाटतं," ग्लोरियाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा ओढलं.

जीपनं नगरला पोहोचेपर्यंत मांजर थंड पडत चाललं होतं. तिथल्या मोनिका मॅडम फक्त कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर. त्यांनी जीभ वर करून पाहिलं आणि विचारलं, "कुणी ओढला का हा?"

आराधना म्हणाली, "थोडासा."

थोडासा!

मॅडमनी पोट उघडलं. आतडं तीन ठिकाणी कापलं गेलं होतं. त्यांनी मला बाहेर काढलं, जे शिवता आलं ते शिवलं. कशानं? दोऱ्यानंच. तो दोरा वेगळा, देव त्याचं भलं करो. शनिवारी सकाळी बिटकी गेली. "दोन दिवस आधी, न ओढता आणली असती तर बहुतेक वाचली असती," मॅडम म्हणाल्या. त्या चिडून बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. आराधनानं मला मागून घेतलं. मॅडमनी तपासणीच्या छोट्या बाटलीत घालून दिलं. तेव्हापासून मी तिच्या कपाटात आहे.

परतीच्या जीपमध्ये ग्लोरियाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लेकराला सांगू नकोस. पळून गेली म्हण. लहान आहे, विसरेल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दिशाचा फोन आला तेव्हा आराधनानं तसंच सांगितलं. पण पळून गेलेली मांजर मेलेल्या मांजरीपेक्षा अवघड. मेलेली शोधावी लागत नाही.

"तिला आमचं घर ठावं हाय," दिशा म्हणाली. "आमच्या दारात जाऊन बसली आसंल. बघून ये ना, ताई."

आराधना गेली. कुलूप लावलेल्या दारासमोर उभी राहून आली, म्हणजे 'पाहिलं, नव्हती' हे तरी खरं होईल. पुढच्या रविवारी दिशा म्हणाली, दारात दुधाची वाटी ठेव. ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं विचारलं, वाटी रिकामी झाली का? वाटी रिकामी होती. गावात मांजरं काय थोडी आहेत? आराधनानं खरं तेच सांगितलं, "हो, रिकामी होती." पलीकडे दिशा आनंदानं ओरडली. मग दर रविवारी तेच. वाटी भरायची, रिकामी झाल्याचं सांगायचं. आराधना बारीक होत गेली. कपाट उघडलं की माझ्याकडे न बघता कपडे काढायची.

फेब्रुवारीत एका रविवारी दिशाऐवजी रविराजच बोलला.

"ताई, पोरगी ऐकंना. म्हणती, मांजर रोज दारात येतंय आन् कुलूप दिसतंय त्याला. उद्या गावाकडं एक ट्रक यायलाय. बसवून देऊ का तिला? तुमच्याकडं ऱ्हाईल, मांजर घावलं की—"

"दादा, नको!" आराधना ओरडली. "पाठवू नका तिला. फोन द्या दिशाला."

ती कपाटाजवळ आली. बाटली हातात घेतली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"दिशा, बिटकी पळून गेली नाही. ती मेली, नाताळच्या आधीच. दोरा गिळला होता तिनं. तो दोरा मीच तिला खेळायला दिला होता, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही."

मग दिशाचा आवाज आला, रडका नाही, फक्त बारीक.

"मग दूध कोण पीत हुतं?"

फोन पलीकडूनच बंद झाला. त्यानंतरच्या रविवारी तो वाजला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

वाचणाऱ्या माणसा, मी दोरा आहे, मला क्षमा मागता येत नाही. तुझ्या घरी मांजर असेल तर मला तिच्यापासून लांब ठेव. तिच्या जिभेखाली मी दिसलो तर मला ओढू नकोस, आहे तसा डॉक्टरकडे ने. आणि त्यांनी विचारलं, काही गिळलंय का, तर घराची अब्रू सांभाळत बसू नकोस. आम्हाला बोलता येत नाही. तुला येतं.