आवाज फार मोठा

"हळू," मास्तरांनी पुन्हा टेबलावर पेन्सिल आपटली. "पलीकडचा माणूस आधीच घाबरलेला असतो, बाई. त्यात तुमची भर नको."

भोंगाबाईंनी मान हलवली आणि कानावरचा हेडफोन सारखा केला. ॲम्ब्युलन्सचे फोन घ्यायला शिकण्याचा आज शेवटचा दिवस. शेजारी मास्तर, त्यांच्या कानाला दुसरा हेडफोन, पुढ्यात कागद. कागदावर दोन रकाने, गुण आणि दोष. संध्याकाळी सही झाली तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता. दोषांत पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं होतं: आवाज फार मोठा. त्याला इलाज काय, कप्पाळ? पंधरा वर्षं मैदानावर कवायत घेतलेला गळा तो! शाळेतल्या पोरांनी 'भोंगाबाई' नाव ठेवलं, घरच्यांनी ते आनंदाने उचललं. शाळा बंद पडली, नाव तेवढं राहिलं.

फोन आला.

"ॲम्ब्युलन्स सेवा. पत्ता सांगा," बाई अगदी लोण्यासारख्या मऊ बोलल्या. आधी पत्ता, मग बाकीचं. फोन तुटला तरी गाडी पोचली पाहिजे.

पलीकडे एक म्हातारी होती. तिने पत्ता सांगितला. नवरा आतल्या खोलीत कोसळला होता. ओ देत नव्हता, श्वास नव्हता. गाडी निघाली.

"आजी, फोन घेऊन त्यांच्याजवळ जा."

"कशी जाऊ गं? वायरचा फोन आहे, भिंतीला बांधलेला!"

"स्पीकरचं बटण दाबा. बाहेरचं दार उघडं टाका. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबत राहायचं. मी मोजते."

थोड्या वेळाने लांबून हाक आली, "काही ऐकू येत नाही गं!"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल हवेतच थांबली होती. बाई उठून उभ्या राहिल्या.

"एक! दोन! तीन! चार!"

कक्षातल्या सगळ्या माना वळल्या. दोघांनी घाईघाईने आपापल्या माईकवर हात ठेवला.

"थांबायचं नाही, आजी! दमलात तरी नाही! एक! दोन!"

बाईंचे पाय जागच्या जागी कवायत करू लागले होते. सात मिनिटं त्या मोजत राहिल्या. मग फोनमध्ये बुटांचे आवाज आले, कुणीतरी "सरका, आजी," म्हणालं आणि बाई गप्प झाल्या. फोन मात्र त्यांच्याने ठेववेना.

बऱ्याच वेळाने एक पुरुषी आवाज आला. "बाई, नाडी लागली. श्वास सुरू झालाय. आणि तुम्ही खालच्या रस्त्यावर ऐकू येत होता हो!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. हसू आवरेना, डोळेही पुसून होईनात. इतका आनंद एवढ्याशा खुर्चीत मावायचा कसा?

संध्याकाळपर्यंत घसा पार बसला.

"सर, झाले का मी पास?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काय? ऐकू येत नाही," म्हणत मास्तरांनी कागद पुढे सरकवला.

खाली सही होती. 'आवाज फार मोठा' मात्र खोडलेलं नव्हतं. त्या शब्दांपासून पेन्सिलीचा एक बाण निघाला होता, मधली रेघ ओलांडून थेट गुणांच्या रकान्यात.