परमेश्वरच्या पायातले बूट

बूट पोटरीच्या अर्ध्यावर अडकला आणि रविराजनं दुसऱ्या पायानं परमेश्वरच्या छातीत लाथ घातली.

परमेश्वर तबेल्याच्या भिंतीवर आपटला. श्वास परत यायला जरा वेळ लागला. मग तो पुन्हा रविराजच्या पायाशी बसला.

"भैय्या, ओढून न्हाई जायचा. कातडं नवं हाय. त्याला दिवस द्यावे लागतेत."

"दिवस कुठून आणू बे? बुधवारी अण्णांची मिरवणूक हाय."

अण्णा म्हणजे तेलगावचे राधाकिशनअण्णा. उसाचे मळे त्यांचे आणि तालुक्याचं राजकारणही त्यांच्याच ओसरीवर ठरायचं. त्यांच्या साठीच्या मिरवणुकीत मुलगा रविराज घोडीवर बसून पुढं चालणार होता. त्यासाठी त्यानं पुण्याहून गुडघ्याएवढे काळे बूट मागवले होते. माप मात्र कॉलेजातल्या दिवसांचं सांगितलं होतं.

परमेश्वरनं पुण्यातल्या एका रायडिंग क्लबात सहा वर्षं घोडे सांभाळले होते. बाप वारला तेव्हा मेंढरांसाठी तो गावी परतला, आणि सकाळ-संध्याकाळ अण्णांची घोडी बघू लागला. असले बूट सैल कसे करायचे ते त्याला ठाऊक होतं.

"गरम पाण्यात बुडवू का?" रविराजनं विचारलं.

"तडकतील. आतून स्पिरिट आन् पाणी सारखं मिसळून शिंपायचं. जाड मोजे, त्यावर प्लास्टिकची पिशवी, म्हंजे पाय सरकतो. मग घालून हिंडायचं, अंगावरच वाळू द्यायचं. चार दिवसांत कातडं पायाचं ऐकतं."

"मी हिंडू व्हय चार दिवस? तूच घाल. तुझा पाय माझ्याएवढाच हाय. आन् ओरखडा दिसला तर तुझं कातडं काढीन."

परमेश्वरनं बूट घातले. पहिल्या दिवशी टाचांना फोड आले, बुटाची कड गुडघ्यामागं रुतून रक्त निघालं. त्यानं टाचेखाली कापडाची घडी ठेवली आणि तसाच मेंढरांमागं हिंडला. आई भामाबाई म्हणाली, "दुसऱ्याचं दुखणं तू कावून पायात घालतो रं?"  पण तिसऱ्या दिवशी त्याला बरं वाटायला लागलं होतं. घोट्यापाशी घड्या पडल्या, पोटरी मोकळी झाली. आपल्या हाताला अजून हे काम येतं, याचा त्याला आनंद होता.

मंगळवारी सकाळी त्यानं घोडीवर खोगीर टाकलं. रिकिबीत पाय ठेवून घोटा वाकल्याशिवाय बूट पुरता बसत नाही. कालव्याच्या रस्त्यानं तो घोडी दुडकी चालवत गेला, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. दुपारपर्यंत तो गावभर झाला. खाली लिहिलं होतं, 'तेलगावचे नवे मालक'.

दुपारी दोनला मेंढवाड्यापाशी जीप थांबली. रविराज उतरला, मागून त्याचे दोन दोस्त, सत्यम आणि सोमेश्वर. सोमेश्वरच्या हातात लोखंडी पाइप होता.

"मालक कोण हाय बे?" रविराजनं विचारलं.

"तुमीच भैय्या. ते कुणी टाकलं मला ठाव न्हाई. बूट झालेत बघा, लई मऊ…"

पहिला फटका खांद्यावर आला. दुसऱ्यानं परमेश्वर गुडघ्यावर आला. सत्यमनं त्याचे केस धरून तोंड मातीत दाबलं. मेंढरं ओरडत कुंपणाला भिडली. तोंडात लेंड्या नि रक्त, आणि तरी परमेश्वर बोलत राहिला, "बूट, भैय्या, बुटाला लागंल, उद्या घालायचेत." ते ऐकून सोमेश्वर हसला. रविराजला मात्र ते हसू झोंबलं. त्यानं पाइप हातात घेतला आणि परमेश्वरच्या उजव्या घोट्यावर दोनदा घातला. दुसऱ्या वेळी आत काहीतरी मोडल्याचा आवाज परमेश्वरनं स्वतः ऐकला.

जीप गेली. बायको संगीता आणि भामाबाईनं त्याला उचलून छपरात आणलं, शेजाऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. तोवर बुटात पाय सुजत चालला होता. तीन दिवस मऊ केलेलं ते कातडं आता लोखंडी पट्ट्यासारखं आवळत होतं. आधी पाय जळला, मग मुंग्या आल्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच त्याला कळेना.

संगीतानं मेंढरांची कातर आणली. लोकर कापायची, वीतभर पात्यांची.

"कापू नको," परमेश्वर म्हणाला. "लई महागाचे हायेत."

"गप बसा तुमी."

तिनं कातरीचं टोक बुटाच्या कडेत सारलं, आणि त्याच वेळी जीप परत आली. उद्याची मिरवणूक रविराजला रस्त्यात आठवली होती.

"कापायचा न्हाई," तो दारातूनच म्हणाला. "सोमेश्वर, ओढ."

सोमेश्वरनं मोडलेला पाय बुटासकट दोन्ही हातांनी धरून ओढला. परमेश्वरच्या तोंडून निघालेला आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. भामाबाई सोमेश्वरच्या हाताला चावली, त्यानं तिला कोपरानं उडवलं, ती पेटत्या चुलीवर पडली.

"भैय्या, हात काढायला लावा," संगीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

रविराज खाली वाकला, त्यानं स्वतः बूट पकडला आणि हिसका दिला.

संगीतानं कातर त्याच्या मनगटात खुपसली. एकदा, आणि तो सोडेना म्हणून पुन्हा. रक्त परमेश्वरच्या तोंडावर उडालं. रविराज हात छातीशी धरून मागं सरकला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सत्यम आणि सोमेश्वर त्याला ओढत जीपकडं घेऊन गेले. संगीतानं रक्ताळलेली पाती पदराला पुसली आणि बूट वरून खालपर्यंत चिरला. आतला पाय काळानिळा होता.

बीडच्या दवाखान्यात पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसले. रविराजच्या मनगटातली शीर तुटली होती, त्याची मूठ पुरती वळेना. संगीताला पोलिसांनी त्याच संध्याकाळी नेलं.

पाचव्या दिवशी राधाकिशनअण्णा परमेश्वरच्या खाटेशी आले. स्टूल ओढून बसले, हळू बोलले.

"घोडीवरून पडलो म्हण. आमी म्हणू, रवीचा हात कडबाकुट्टीत गेला. तुझी बायको उद्या घरी येईल. न्हाई तर जिवे मारायचा गुन्हा हाय तिच्यावर. दहा वर्षं समज."

परमेश्वरनं रात्रभर विचार केला. एका खोट्या वाक्यात ती सुटत होती. सकाळी त्यानं भामाबाईला तुरुंगात भेटीला पाठवलं, विचारून ये म्हणाला.

भामाबाई संध्याकाळी आली. भाजलेल्या कोपरावरची पट्टी सावरत म्हणाली, "संगी म्हणली, मी कातर मारली हे लिहून दिलंय. कावून मारली हे सांगायला दुसरं कोण हाय? त्यांनी घोडीवरून पडलो म्हणलं, तर मी उगंच मारली असं व्हईल."

परमेश्वरनं हवालदाराला बोलावून जबाब दिला. व्हिडिओपासून सगळं सांगितलं. मातीत तोंड दाबलेलं असताना आपण बुटांची काळजी करत होतो, हेही सांगितलं. तिथं हवालदारानं लिहायचं थांबून त्याला पाणी दिलं.

रविराज आणि त्याच्या दोस्तांना अटक झाली, महिन्याभरात ते जामिनावर सुटलेही. संगीताही एकोणीस दिवसांनी जामिनावर सुटली. दोन्ही खटले माजलगावला चालू आहेत. तेलगावात राहणं शक्य नव्हतं, म्हणून ती सुटायच्या आधीच परमेश्वर आणि भामाबाई मेंढरं घेऊन मांजरसुंब्याच्या पुढं, संगीताच्या माहेरच्या माळावर गेले.

ती सुटून आली तेव्हा परमेश्वर कुबडीवर वाटेपर्यंत गेला होता. काय बोलावं ते त्यानं दिवसभर जुळवलं होतं. संगीतानं त्याच्या पायाकडं पाहिलं, मग माळावरच्या कळपाकडं.

"किती व्याल्या?" तिनं विचारलं.

"सात."

"चला, दाखवा," ती म्हणाली, आणि त्याच्या चालीला चाल मिळवत हळूहळू चालू लागली.