माझा लाल तुकडा

मी प्लॅस्टरचा एक जुना मेंदू आहे. हसू नका मित्रांनो, एकेकाळी माझा काय थाट होता! कारागिराने माझे नऊ सुटे तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळा रंग दिला. पाहण्याचा निळा, हालचालीचा हिरवा, बोलण्याचा लाल. स्वप्नांचा तुकडा मात्र त्याने केलाच नाही. तरी दुपारी खिडकीतून ऊन आले की मला डुलकी लागते आणि स्वप्ने पडतात. ती कुठल्या रंगात पडतात, देव जाणे!

पुष्कळ वर्षे मी वर्गात मिरवलो. "हे काम इथलं, ते काम तिथलं," असे सर छडीने दाखवत आणि मी फुगून जाई. पुढे नवी यंत्रे आली, माझ्यावर धूळ बसली. शेवटी, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या खोलीत नेले.

तिथे घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा येत. पक्षाघातानंतर दोन महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या लाल तुकड्यावर बोट ठेवून त्यांच्या लेकीला सांगितले होते, "हाच भाग गेलाय. आता बोलण्याची आशा नको."

एके दिवशी लेक आजोबांना घेऊन उपचार थांबवायलाच आली. "बाबांना उगाच कशाला दमवायचं?" असे म्हणत तिने माझा लाल तुकडा उपसून हातात घेतला. "एवढासा तर आहे मेला!" बोलता बोलता तुकडा तिच्या हातून निसटला.

"अगं, सांभाळ!"

आजोबा ओरडले होते! माझ्या तुकड्याची दोन शकले झाली, पण खरं सांगतो, मला त्याचे काहीच वाटले नाही.

बाई म्हणाल्या, "अचानक सुटलेला शब्द वेगळा, ठरवून बोललेला वेगळा. तो भाग दुखावलाय, हे खरंच. पण हे शब्द कुठून तरी आलेच ना? तिथूनच सुरुवात करू."

लेकीने उपचार थांबवले नाहीत. चार महिने आजोबा 'पाणी' म्हणताना घामाघूम होत. मग एका सकाळी लेकीला यायला वेळ लागला. आजोबांनी तिच्याकडे रोखून पाहिले आणि एकेक शब्द जुळवत म्हटले, "किती... उशीर... केलास!" बोलणी खाऊन इतके आनंदाने रडणारे माणूस मी कधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, माझे रंग खोटे नाहीत. पण ते ब्रशने दिलेले आहेत. खऱ्या डोक्यात इतक्या स्वच्छ रेघा नसतात. माझी धूळ पुसा, माझ्याकडून जरूर शिका. फक्त माझ्यावर बोट ठेवून कुणाच्या लेकीला "आशा नको" असे सांगू नका.