सत्ताविसाव्या विमानाच्या तारा

मी एक विमान आहे. शेजारी शेजारी दोन माणसं मावतील एवढंच. डोक्यावर छप्पर नाही, आत लाकूड आणि वरून ताणलेलं सुती कापड. अमेरिकेतल्या चँडलरच्या विमानतळावर चकचकीत विमानांच्या रांगेत मला उभं बघून लोक हसतात. हसू देत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे त्यांना कुठे ठाऊक!

माझा जन्म १९४७चा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. ‘हॉलिन आणि मुलगी’ असं आमच्या कारखान्याचं नाव. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड आणि चौदा कामगार. म्हातारे हॉलिन मूळचे सुतार. वरच्या आणि खालच्या पंखांना ताणून धरणारी प्रत्येक तार बोटाने छेडून, कान देऊन ऐकल्याशिवाय ते विमान बाहेर सोडत नसत. माझी एक तार बेसूर लागली, तर त्यांनी गिऱ्हाइकाला चार दिवस ताटकळत ठेवलं. असे लाड कुणाच्या नशिबी येतात? आम्ही एकूण एकतीस भावंडं, मी सत्ताविसावा. पुढे मोठ्या कंपन्यांसमोर आमचा टिकाव लागला नाही आणि शेडला कुलूप लागलं. भावंडंही एकेक करून जमिनीला खिळली. आता उडणारा मी एकटाच.

एका वैमानिकाने मला अमेरिकेत आणलं. त्याच्याकडून १९८४ साली चंद्रशेखर पंडितने मला घेतलं. हा दिवसभर चिप बनवणाऱ्या कंपनीत नखाएवढ्या वस्तू भिंगातून बघतो आणि शनिवारी माझ्या कापडावरून हात फिरवतो. हॉलिनबाबांनी लिहिलेलं माझं माहितीपुस्तक त्याला तोंडपाठ आहे.

त्याची बायको शरयू मात्र माझ्यावर खार खाऊन होती. त्यातच फिनिक्सच्या एका हॉटेलवाल्याने मला मागणी घातली. त्याला मी छताला टांगायला हवा होतो. खाली लोक बर्गर खाणार आणि वर मी लोंबकळणार!

शरयू म्हणाली, “शेखर, मी एकदा यात बसते. सेफ वाटलं तर ठेव. नाहीतर त्या माणसाला हो म्हणून टाक.”

दिवस ठरला १९८६चा दसरा. वाहन पुजल्याशिवाय बसेल ती शरयू कसली! तिने मला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. माझ्या पंखाखालून पुढे आलेली बारीक नळी तिला चोच वाटली. तिच्या तोंडाशी तिने ओलं कुंकू लावलं आणि वर चिमूटभर अक्षता दाबल्या. त्या नळीत वारा शिरला तरच वेगाचा काटा हलतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चंद्रशेखर तेव्हा करवंटीचे तुकडे गोळा करण्यात गुंतला होता. मग माळ काढली आणि आम्ही उडालो.

बायकोला डोंगर दाखवण्याच्या नादात त्याने काट्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं तिने.

“शेखर, स्पीड झिरो कसा काय?”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मीही घाबरलो, उगाच खोटं कशाला सांगू? आता सुखरूप उतरलो तरी छताला टांगला जाणार, असंच वाटलं.

“पॅनिक करू नकोस,” तो म्हणाला. “मला जरा ऐकू दे.”

त्याने इंजिन मंद केलं, कानावरचा हेडसेट सरकवला. पुस्तकात हॉलिनबाबांनी लिहिलं होतं, ‘काट्याआधी तारा ऐका.’ वेग वाढला की वाऱ्याने माझ्या तारांचा सूर चढतो, कमी झाला की उतरतो. मी जीव तोडून गायलो. सूर खाली गेला की तो माझं नाक खाली करी, सूर चढला की वर घेई. झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं त्याने मला धावपट्टीवर टेकवलं.

नंतर नळीतून लाल तांदूळ निघाले. शरयूने ते तळहातावर घेतले.

“म्हणजे हे मी केलं?”

“माझंच चुकलं. उडायच्या आधी मी चेक करायला हवं होतं.”

“आणि तरी यानं आपल्याला खाली आणलं?” तिने माझ्या पंखावर हात ठेवला. “त्या हॉटेलवाल्याला सांग, टांगायला झुंबर घे म्हणावं.”

त्याला आता तीन वर्षं झाली. दर दसऱ्याला माझी पूजा होते. करा, जरूर करा, फक्त अक्षता नळीपासून लांब ठेवा, एवढीच विनवणी. हल्ली शरयू माझी एकेक तार स्वतः छेडते, कान देऊन ऐकते आणि मगच आत बसते. हॉलिनबाबा, तुमचा कारखाना बंद पडला असं कोण म्हणतं?