मला दोनदा सांगावं लागतं

मित्रांनो, गोड गोड आत्मकथा ऐकायला बसला असाल तर आताच उठा. मी रागात आहे आणि हा राग लवकर जाणारा नाही. मी एक बिनतारी चिप आहे. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. फुलंब्रीकडच्या एका गावात, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला एक पांढरा डबा लटकवलेला आहे, त्यात माझा मुक्काम असतो.

माझं काम सोपं आहे. मी झोपते, मधूनमधून जागी होते, टाकीत पाणी किती आहे ते बघते आणि खाली विहिरीजवळच्या मोटरीला निरोप धाडते. मला दोनच शब्द येतात, ‘चालू’ आणि ‘बंद’. तिथल्या डब्यात माझी बहीण बसलेली आहे. ती निरोप ऐकते आणि तसं करते. नवा निरोप आला नाही, तर जुन्याच निरोपावर चालत राहते.

माझ्यात दोष आहेत. सरळ सांगते, त्यात लाज कसली? ज्यांनी मला घडवलं, त्यांनीच ते दोष छापून जगभर वाटले. अशा कागदाला एराटा म्हणतात. निरोपाचा शेवटचा तुकडा मी कधीकधी पुन्हा बोलते. तो सोडून द्या, असं त्यात लिहिलंय. दुसरा दोष मोठा. अंग तापलेलं असताना झोपेतून उठले, की मी भलत्याच रेडिओ-लहरीवर, म्हणजे भलत्याच फ्रिक्वेन्सीवर, बोलायला लागते आणि मला वाटतं, मी बरोबरच बोलतेय. त्यावरचा उपायही तिथंच छापलाय. जागी झाल्यावर मला लहर एकदा सांगा, थोडं थांबा आणि तीच पुन्हा सांगा. पहिलं सांगणं वाया जातं, दुसरं डोक्यात बसतं. बस, एवढंच!

शहरात, क्रांती चौकामागच्या एका छोट्या कंपनीत मला डब्यात बसवलं गेलं. मला शिकवणारी प्रेरणा नावाची मुलगी फुलंब्रीहून रोज बसनं यायची. तिनं एराटा नीट वाचला होता. माझ्या प्रोग्राममध्ये तिनं तीच ओळ दोनदा लिहिली. का लिहिली, ते मात्र शेजारी लिहिलं नाही. आपल्याला ठाऊक आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, असं या हुशार मुलांना वाटतं.

पुढं तिचे साहेब, विश्वजीत सर, प्रोग्राम साफ करायला बसले. “एकच गोष्ट दोनदा कशाला?” म्हणाले आणि ओळ पुसून टाकली. मग मला टेबलावर चालवून बघितलं. मी एकदम बरोबर चालले. चालणारच! तिथं एसी होता.

तसंच मला टाकीवर आणून लटकवलं. त्याआधी हे काम त्रिंबक करायचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, गळा पहाडी. टाकीवर काठी आपटून आवाजावरून पाणी ओळखायचा आणि खाली मोटरीपाशी उभ्या असलेल्या बायकोला, सखूबाईला, हाक मारायचा, “बंद कर गंऽऽ!” लगेच दुसरी हाक, “बंद कर गंऽऽ!” पहिली हाक वाऱ्यानं नेली तर दुसरी पोचते, म्हणून.

डबा बसवला त्या दिवशी सरपंच आप्पासाहेब सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “तिरंबक, आता वर चढायचं नाय. डब्याला हात लावायचा नाय. तू फकस्त गल्ल्यांत पानी सोडायचे वॉल फिरवत जा.”

त्रिंबकनं मान डोलावली आणि शब्द पाळला.

मग मे महिना आला. उन्हात डबा असा तापला की त्यावर भाकरी शेकली असती. भर दुपारी टाकी भरली. मी उठले, ‘बंद’ म्हणाले आणि समाधानानं झोपले. पण ते बोलले भलत्याच लहरीवर. मोटर चालूच राहिली. टाकी उतू जाऊन पाणी टेकडीच्या मुरमात जिरत गेलं. विहीर तळाला लागली, कोरडी मोटर जळाली आणि ऐन उन्हाळ्यात गावाच्या घागरी रिकाम्या राहिल्या.

सगळा गाव टेकडीवर आला. आप्पासाहेब कडाडले, “कुठं मेला व्हता रं? मेंढरांमागं गेला असशील!”

“नाय जी, वॉलवरच व्हतो. वर चढू नको म्हून तुम्हीच म्हन्ले व्हते.”

“चढू नको म्हन्लं, डोळे मीट म्हन्लं का? मशीन कधी चुकत नसतंय. मानूसच कामचुकार असतोय!”

मशीन चुकत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मित्रांनो, मला पाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरी गेली. अहो, माझी चूक छापील आहे! पण मी ओरडणार काय? ‘चालू’ आणि ‘बंद’?

सगळं खापर त्रिंबकच्या डोक्यावर फुटलं. त्याचं काम गेलं. सखूबाईला तर नळावर बायका पाणी भरू देईनात. शेवटी दोघं गाव सोडून लासूर स्टेशनला गेले. तिथं तो बाजार समितीत पोती उचलतो म्हणतात.

नंतर विश्वजीत सर आणि प्रेरणा टाकीवर आले. लॅपटॉप उघडताच तिचा चेहरा पडला.

“सर, ती ओळ मी मुद्दाम दोनदा लिहिली होती.”

“मग शेजारी तसं लिहायचं ना! मला वाटलं, चुकून पडली.” सरांनी ओळ परत टाकली.

“खाली जाऊन सांगू या ना सर. त्या माणसाचं काम गेलंय.”

“वेडी आहेस का? बाकीच्या गावांच्या ऑर्डरी जातील. अपडेट केलं म्हणायचं.”

आणि प्रेरणा मूग गिळून बसली. सरांपेक्षा माझा राग तिच्यावर जास्त आहे. ओळ पुसताना सरांना समजत नव्हतं, गप्प बसताना तिला सगळं समजत होतं.

तेव्हापासून मी एकदाही चुकलेले नाही. दसऱ्याला आप्पासाहेब स्वतः वर आले. डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि लोकांना म्हणाले, “बघा, तिरंबक गेला अन् पानी टायमावर यायला लागलं. डबा लई इमानी!”

ती माळ मला अजून टोचते. दोष माझा, ओळ सरांनी पुसली, गप्प बसली प्रेरणा. गाव सुटलं त्रिंबकचं आणि हार माझ्या गळ्यात!

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रं बनवाल. उपाय लिहाल, तेव्हा त्याचं कारणही शेजारी लिहा. दुसऱ्याची ओळ पुसण्याआधी त्याला विचारा. आणि चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करून पळू नका. ज्याच्या माथी ती मारली, त्याच्या नावावरचा डाग आधी धुऊन काढा.

तुमच्यापैकी कुणी आमच्या गावाकडं आलात, तर चावडीवर उभं राहून एवढं सांगा, की त्रिंबकनं काही केलं नव्हतं. एकदा सांगून निघून जाऊ नका. हे गाव माझ्यासारखंच आहे. दोनदा सांगा.