सासूची साक्ष

माझ्या अशिलाने बायकोच्या गालाचं हाड मोडलं, असा आरोप होता. आमचं म्हणणं, ती जिन्यावरून पडली. म्हणणं लंगडं आहे हे मलाही कळत होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं कोणी नव्हतं आणि घरात तिसरं माणूस एकच, त्याची आई. तिने लेकाच्या बाजूने धड साक्ष दिली तर तो सुटणार होता, नाहीतर सरळ तुरुंगात.

"आईचं टेन्शन घेऊ नका, मॅडम," इस्त्रीच्या शर्टातला अशील म्हणाला. "ती माझ्या शब्दाबाहेर नाही." मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता. पण आवडणाऱ्यांचेच खटले घ्यायचे असं ठरवलं असतं, तर मी केव्हाच घरी बसले असते.

म्हातारीला मारहाणीच्या आरोपापेक्षा वेगळंच लागलं होतं. सुनेने जबाबात म्हटलं होतं, 'सासूने माझ्यासाठी कधी काही केलं नाही.' "पोटच्या पोरीसारखं वागवलं हो मी तिला," ती मला दर भेटीत ऐकवायची. मी तिला बजावून बजावून थकले, "मावशी, विचारलं तेवढंच बोला. पाल्हाळ नको." ती मान डोलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

कोर्टात मात्र तिने कमाल केली. जिना, ओली फरशी, सुनेची घसरलेली चप्पल, सगळं न अडखळता सांगितलं. मी खूश होऊन खाली बसले.

मग सरकारी वकील उठले. केसाने गळा कापणारा माणूस. मी तिला मावशी म्हणत होते, ते थेट 'आई' म्हणाले.

"आई, सून म्हणते तुम्ही तिच्यासाठी कधी काही केलं नाही. खरं का हो?"

मी हरकत घ्यायला उभी राहिले, पण म्हातारी माझ्या आधी पेटली होती.

"साफ खोटं! मीच तिला सांगितलं ना, तो चिडून आला की आधी चष्मा काढून ठेव. काच फुटली की डोळा जातो. याच्या बापाच्या वेळी माझा हा डोळा अधू झाला. मला सांगणारं कोणी नव्हतं. हिला मी सांगितलं! आणि म्हणे सासूने काही केलं नाही!"

सरकारी वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. मागच्या बाकावरच्या सुनेने मान वर करून सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. अशील मात्र खाली बघून शर्टाची बाही नीट करत होता. निकाल सोमवारी ठेवून न्यायाधीश उठले.

बाहेर व्हरांड्यात म्हातारी माझ्याजवळ आली. चेहरा उजळलेला होता. "नीट बोलले ना मी, वकीलबाई? आता सोडतील ना त्याला?"

"मावशी, सोमवारपर्यंत लेकीकडे जाऊन राहा."

"अगंबाई, आणि याच्या जेवणाचं कोण बघणार?"

मग मला सांगावंच लागलं. ती काय बोलून बसली होती ते एकेक शब्द करून सांगितलं. ती भिंतीला टेकली. लेक तुरुंगात जाणार म्हणून रडेल, असं मला वाटलं होतं.

"चिडला असेल का हो तो?" तिने हळूच विचारलं.

जामिनावर असलेला माझा अशील खाली फाटकाशी गाडी सुरू करून थांबला होता. त्याने हॉर्न दिला. मी पुन्हा लेकीचं नाव काढलं, रिक्षा करून देते म्हटलं. तोवर तिने पदर सावरला होता. "तो थांबलाय," ती म्हणाली. दुसरा हॉर्न लांबच लांब वाजला.

दोन पायऱ्या उतरून ती वळली.

"पुढे बसू की मागे?"

"मागे बसा," मी म्हणाले.